तुळईला वाचा फुटते तेव्हा

माझे बालपण गोमंतकात गेले. आमच्या घराच्या मागच्या बाजूने एक व्हाळ वाहत असे, आणि पावसाळ्यात तो भरून चालला म्हणजे पलीकडच्या कुळागरात जाण्यासाठी त्यावर साकव घालीत. तामसीच्या मुलांनी साकव पाहिलेला नसेल, म्हणून सांगतो. पोफळीची तीन-चार लांब खोडे शेजारी शेजारी आडवी टाकावयाची आणि वेलींनी अगर सुंभाने ती एकत्र बांधावयाची, की झाला साकव तयार. त्याच्या मध्यावर पाय पडला की तो खाली वाके आणि करकर असा आवाज करी. लहानपणी त्या आवाजाची मला फार भीती वाटे. परंतु माझी आजी म्हणे, "बाळा, जो साकव कुरकुरतो तो आपले दुखणे सांगतो, मुका असतो तोच घात करतो."

आजीच्या या बोलण्याचा खरा अर्थ मला पुढे मोठेपणी उमगला. पणजी शहराला उत्तरेकडील बार्देश तालुक्याशी जोडणारा मांडवी नदीवरचा मोठा पूल १९७० साली वाहतुकीस खुला झाला होता. अवघ्या सोळा वर्षांनी, म्हणजे १९८६ च्या जुलै महिन्यात, ऐन पावसाळ्यात तो कोसळला. काँक्रीटच्या पोटात ताणून बसविलेल्या पोलादी तारा खाऱ्या हवेने आतल्या आत गंजल्या होत्या, असे पुढे निष्पन्न झाले. ही घटना माझ्या जन्मापूर्वीची. परंतु त्यानंतर नदी ओलांडण्यासाठी लोकांना पुन्हा फेरीबोटींचा आश्रय कसा घ्यावा लागला, याच्या हकिकती मी घरातील वडीलधाऱ्यांकडून अनेकदा ऐकल्या आहेत. रोज हजारो माणसे ज्याच्यावरून जात होती, तो पूल आतून जर्जर होत होता आणि बाहेरून मुका होता. साकवाला जी वाचा होती ती त्या प्रचंड पुलाला नव्हती.

तुळईला वाचा देता येईल काय? वाकताना ती स्वतःच आपली स्थिती सांगू लागेल, अशी काही युक्ती आहे काय? ही युक्ती शास्त्रज्ञांना सापडलेली आहे, आणि तिचा एक नमुना आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात पडून असतो. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर आहे. शास्त्र हा माझा विषय नव्हे. पण एके दिवशी एका विद्यार्थ्याने बिघडलेल्या गजराच्या घड्याळातून काढलेली रुपयाएवढी एक पितळी चकती माझ्यापुढे ठेवली आणि विचारले, "सर, हिच्यात ना पडदा, ना लोहचुंबक, मग ही आवाज कशी काढते?" त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. ते शोधण्यासाठी जे वाचन केले, त्याचेच सार येथे देत आहे.

प्रथम तुळई वाकते म्हणजे काय होते ते पाहू. दोन विटांवर एक लाकडी पट्टी आडवी ठेवा आणि मधोमध बोटाने दाबा. पट्टी खाली वाकेल. आता वरचा पृष्ठभाग आणि खालचा पृष्ठभाग यांचा वेगवेगळा विचार करा. वरचा भाग आतल्या बाजूस आल्यामुळे तो आखूड होतो, म्हणजे त्यावर दाब येतो. खालचा भाग बाहेरच्या बाजूस असल्यामुळे तो लांबतो, म्हणजे त्यावर ताण येतो. एकीकडे दाब आणि दुसरीकडे ताण असेल, तर मध्ये कोठे तरी असा एक थर असलाच पाहिजे की जो आखूडही होत नाही आणि लांबतही नाही. या थराला उदासीन थर असे म्हणतात. त्याच्यापासून जितके दूर जावे तितका ताण अगर दाब वाढत जातो.

ही गोष्ट आज सोपी वाटते. परंतु ती बरोबर समजण्यास मानवाला दीर्घकाळ लागला. थोर शास्त्रज्ञ गॅलिलिओ याने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भिंतीत रोवलेल्या तुळईचा विचार केला आहे. तिचे सर्वच तंतू ताणले जातात आणि ती आपल्या खालच्या कडेभोवती फिरते, असे त्याने गृहीत धरले. दाबाचा भाग त्याच्या ध्यानातच आला नाही. परिणामी तुळईचे बळ तिच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे त्याने बरोबर ताडले; पण प्रत्यक्ष बळाचा आकडा मात्र तिपटीने चुकला. पुढे पारां आणि कुलोम या फ्रेंच विद्वानांनी अठराव्या शतकात ती चूक सुधारली. त्याच शतकाच्या मध्यास ऑयलर आणि डॅनिएल बर्नुली यांनी वाकणाऱ्या तुळईचे गणित मांडले. तेच गणित, काही सुधारणांसह, आजचे स्थापत्यशास्त्रज्ञ वापरतात. गॅलिलिओसारख्यालाही चूक चुकली नाही, हे ज्यांच्या गणिताच्या वहीवर लाल रेघा पडतात त्यांनी अवश्य लक्षात ठेवावे.

या गणितातील एक नियम तुम्हांला घरच्या घरी पडताळता येईल. तुळईचा ताठपणा तिच्या रुंदीच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या मात्र घनाच्या प्रमाणात वाढतो. समजा, एक पट्टी ३ सेंटिमीटर रुंद आणि अर्धा सेंटिमीटर जाड आहे. ती आडवी ठेवून वाकविली तर सहज वाकते. तीच उभ्या कडेवर धरली, म्हणजे रुंदी अर्धा सेंटिमीटर आणि जाडी ३ सेंटिमीटर केली, तर ती ३६ पट ताठ होते. लाकूड तेच आणि वजनही तेच. फरक पडला तो केवळ मांडणीचा. आपल्या घरांच्या छपरातील वासे आणि तुळया उभ्या कडेवर का बसवितात, याचे उत्तर यात आहे.

आता थरांच्या तुळईकडे वळू. सारख्याच दोन पट्ट्या एकमेकींवर नुसत्या ठेवून वाकविल्या, तर त्या एकमेकींवरून सरकतात. प्रत्येकीचा उदासीन थर निराळा राहतो, आणि दोन पट्ट्यांचा ताठपणा एकीच्या दुप्पट होतो. त्याहून अधिक नाही. परंतु त्याच दोन पट्ट्या उत्तम सरसाने एकजीव चिकटविल्या, तर सरकण्याला वाव उरत नाही. दोहोंना मिळून एकच उदासीन थर होतो, जाडी दुप्पट धरली जाते आणि ताठपणा आठपट होतो. दुप्पट आणि आठपट यांमधील हे अंतर सरसाने निर्माण केलेले आहे! तुमचे जाडजूड पाठ्यपुस्तक वाकवून त्याच्या कडेकडे पाहा. पाने एकमेकांवरून सरकून कड तिरपी झालेली दिसेल. मालमोटारीच्या चाकाजवळ एकावर एक रचलेले पोलादी पाटे असतात. तेथे धक्के सोसण्यासाठी लवचिकपणा हवा असतो, म्हणून ते पाटे मुद्दामच चिकटविलेले नसतात. उलट प्लायवुडला ताठपणा हवा असतो, म्हणून त्याचे थर चिकटवितात. एकीचे बळ म्हणतात ते केवळ एकत्र येण्याने येत नाही. एकमेकांना घट्ट धरून राहण्याने येते.

इतके समजल्यावर दुसऱ्या भागाकडे येऊ. १८८० साली पॅरिसमध्ये झाक आणि प्येर क्यूरी या दोन तरुण बंधूंनी एक नवलाचा शोध लावला. यांतील प्येर म्हणजे पुढे रेडियमच्या शोधामुळे विख्यात झालेल्या मादाम क्यूरी यांचे पती. गारेचा स्फटिक, म्हणजे क्वार्ट्झ, तसेच तोरमल्ली आणि आणखी काही स्फटिक विशिष्ट दिशेने दाबले असता त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युद्भार प्रकट होतो, असे त्यांना आढळले. या गुणास दाबविद्युत असे नाव आहे. त्याचे कारण स्फटिकाच्या आतील रचनेत आहे. त्यातील धन आणि ऋण भारांचे कण अशा रीतीने मांडलेले असतात की स्फटिक दाबला म्हणजे धनांचा मध्य एकीकडे आणि ऋणांचा मध्य दुसरीकडे सरतो. ज्या स्फटिकांची रचना मध्याभोवती दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखी असते, त्यांत दोन्ही सरकणी एकमेकींना मारून टाकतात आणि वीज मिळत नाही. पुढच्याच वर्षी, १८८१ मध्ये, लिपमान यांनी कागदावरच्या गणितावरून असे भाकीत केले की याच्या उलटही घडले पाहिजे. म्हणजे अशा स्फटिकास वीज दिली तर त्याचा आकार बदलला पाहिजे. क्यूरी बंधूंनी तोही प्रयोग करून पाहिला आणि भाकीत खरे ठरले.

तुमच्या स्वयंपाकघरात गॅस पेटविण्याचा जो लायटर असतो, त्याचा खटका दाबला की आत एक लहानशी हातोडी अशाच पदार्थाच्या तुकड्यावर आदळते. क्षणभर हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन ठिणगी उडते. त्यात कोणतीही बॅटरी नसते. आईच्या अंगठ्याचे बळ हेच तेथील विद्युत्केंद्र!

आता खरी मौज पुढे आहे. अशा दाबविद्युत पदार्थाची एकच पातळ पट्टी घेऊन ती वाकविली तर काय मिळेल? वीज मिळेल असे वाटते, पण तसे होत नाही. कारण वर सांगितल्याप्रमाणे तिचा अर्धा भाग ताणला जातो आणि अर्धा दाबला जातो. ताणाने एका जातीचा भार येतो आणि दाबाने विरुद्ध जातीचा. दोन्ही सारखेच असल्यामुळे जमा आणि खर्च यांची तोंडमिळवणी होऊन हाती शून्य राहते. ही अडचण दूर करण्यासाठीच थरांची युक्ती निघाली. एक मार्ग असा की दोन पट्ट्या उलटसुलट दिशेने ठेवून चिकटवावयाच्या, म्हणजे वरच्या पट्टीतील ताणाचा भार आणि खालच्या पट्टीतील दाबाचा भार यांची वजाबाकी न होता बेरीज होते. दुसरा मार्ग असा की दाबविद्युत थराखाली साध्या धातूचा थर चिकटवून उदासीन थराला त्या धातूत ढकलून द्यावयाचे. मग वरचा दाबविद्युत थर सबंधच्या सबंध ताणाच्या बाजूस राहतो.

उदासीन थर कोठे येईल, हे काढण्याचे गणित सातवीच्या मुलालाही करता येईल. तराजूच्या दांडीचा मध्य आपण जसा काढतो तसेच ते आहे. फक्त वजनाच्या जागी ताठपणा घ्यावयाचा. पितळेचा ताठपणा १०० मानला तर दाबविद्युत मृत्तिकेचा सुमारे ६० धरता येतो. मृत्तिका म्हणजे चिनीमातीसारखा भाजून तयार केलेला पदार्थ. दोन्ही थर ०·२ मिलिमीटर जाड घेऊ. तळापासून पितळेचा मध्य ०·१ वर आणि मृत्तिकेचा मध्य ०·३ वर आहे. १०० गुणिले ०·१ म्हणजे १०, आणि ६० गुणिले ०·३ म्हणजे १८. दोहोंची बेरीज २८. तिला एकंदर ताठपणाने, म्हणजे १६० ने, भागले की उत्तर येते ०·१७५ मिलिमीटर. सांधा ०·२ वर आहे. तेव्हा उदासीन थर पितळेतच राहिला आणि मृत्तिका सगळी एका बाजूस आली. आपले काम झाले.

परंतु कोणी काटकसर करून पितळेचा थर ०·०५ मिलिमीटरच ठेवला तर? याच रीतीने, जाडीही हिशेबात घेऊन गणित करा. उदासीन थर तळापासून सुमारे ०·११३ मिलिमीटरवर, म्हणजे मृत्तिकेच्या पोटात शिरलेला आढळेल. मृत्तिकेचा जवळजवळ तिसरा हिस्सा उलट बाजूस गेला, आणि तेवढीच वाकवून मिळणारा विद्युद्भार पहिल्या मांडणीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी झाला. पदार्थ तोच आणि वाकणे तेच; जाडीचा हिशेब चुकला म्हणून तुळईचा आवाज बसला. वस्तू घडविण्यापूर्वी कागदावर तिचे गणिती प्रतिरूप का मांडावे लागते, ते यावरून ध्यानात येईल.

हे प्रतिरूप मांडताना आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. वाकण्याने वीज निर्माण होते, आणि निर्माण झालेली वीज उलट वाकण्याला विरोध करते. पट्टीच्या दोन तारा एकमेकींना जोडून वीज वाहू दिली तर पट्टी थोडी मऊ लागते. तारा मोकळ्या ठेवल्या तर तीच अधिक ताठ लागते. आज प्रचारात असलेल्या मृत्तिकांत हा फरक दहा-बारा टक्क्यांपर्यंतही असू शकतो. म्हणून वाकण्याचे गणित आधी आणि विजेचे मागून, असे करता येत नाही. सासर-माहेरच्या हिशेबाप्रमाणे दोन्ही समीकरणे एकत्र बसवून सोडवावी लागतात. शिवाय आपण दोन गोष्टी मुकाट्याने गृहीत धरल्या आहेत. सरस पूर्णपणे पक्का आहे ही एक, आणि पट्टी तिच्या लांबीच्या मानाने पातळ आहे ही दुसरी. सरस सुटू लागला की आठपटीची पुन्हा दुप्पट होण्याकडे वाटचाल सुरू होते आणि कागदावरचे उत्तर खोटे पडते.

या थरांच्या पट्टीने जगात मोठी कामगिरी बजावली आहे. विसाव्या शतकाच्या तिसाव्या वर्षांपासून ग्रामोफोनच्या सुईमागे रोशेल क्षाराच्या दोन पातळ पट्ट्या चिकटवून बसवीत असत. तबकडीच्या खाचेतून सुई हलली की पट्ट्या वाकत, वीज उमटे आणि गाणे ऐकू येई. गंमत अशी की या क्षाराचे मूळ टार्टारिक आम्लात आहे, आणि आपल्या आमटीतील चिंचेचा आंबटपणा बव्हंशी त्याच आम्लाचा असतो. रोशेल क्षार दमट हवेत बिघडतो. म्हणून पुढे १९४० नंतरच्या काळात बेरियम टायटनेट आणि १९५० नंतर शिशाचे झिर्कोनेट-टायटनेट या टिकाऊ मृत्तिका प्रचारात आल्या. मनगटावरील क्वार्ट्झ घड्याळात चिमट्याच्या आकाराचा गारेचा एक सूक्ष्म स्फटिक असतो. त्याच्या दोन भुजा म्हणजे दोन वाकणाऱ्या तुळयाच होत. त्या सेकंदास ३२,७६८ वेळा हेलकावतात. हा आकडा विचित्र वाटेल. पण तो १५ वेळा निम्मा करून पाहा, बरोबर १ उरेल. तोच तुमच्या घड्याळाचा एक सेकंद.

आणि त्या विद्यार्थ्याची चकती? तिच्यावर मृत्तिकेचा पातळ पांढरा थर चिकटविलेला होता. वीज दिली की तो थर पसरू पाहतो. पितळ पसरत नाही. म्हणून दोघांची ओढाताण होऊन चकती बशीसारखी फुगते. वीज उलटली की ती उलट वाकते. सेकंदास हजारो वेळा असे झाले की हवा हालते आणि आपल्याला गजर ऐकू येतो. एका बाजूने ओला केलेला कागद कसा वळतो ते पाहा, म्हणजे हे चटकन समजेल.

आता पुन्हा पुलाकडे येऊ. तुळईच्या पाठीवर अशी पट्टी चिकटविली, तर तुळई हलताक्षणी ती विजेच्या रूपाने बोलू लागते. मात्र तिची एक मर्यादा आहे. स्थिर भाराखाली निर्माण झालेला विद्युद्भार हळूहळू झिरपून जातो. म्हणून कापसाने भरलेली गाडी तोलणाऱ्या वजनकाट्यात बहुधा दुसरी युक्ती असते. तेथे वाकणाऱ्या पोलादावर बारीक तारेची जाळी चिकटवून तिचा विद्युत्‌रोध किती बदलला ते मोजतात. दाबविद्युत पट्टीला स्थिर ओझे कळत नाही. तिला कळतो तो बदल, धक्का आणि कंप. परंतु पुलाच्या बाबतीत नेमके तेच हवे असते. तोच पूल आज कसा कंप पावतो आणि वर्षापूर्वी कसा पावत होता, यातील फरकावरून त्याच्या प्रकृतीची चाहूल लागू शकते.

तरीही एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पट्टी केवळ विजेचे आकडे देते. त्यांतील कोणता आकडा निरोगी तुळईचा आणि कोणता आजारी तुळईचा, हे ठरविण्यास आधी गणित मांडलेले असावे लागते, आणि ते आकडे पाहून वेळीच पूल बंद करणारा जागरूक माणूसही असावा लागतो. तारा आतल्या आत गंजत असताना पृष्ठभागावरील पट्टीला ते नेहमी आधी कळेलच, असेही नाही. यंत्र वाचा देते. कान मात्र माणसालाच द्यावे लागतात.

मित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या स्थापत्यशास्त्रज्ञ होईल. कोणी पैनगंगेच्या काठची काळी जमीनच कसत राहील. परंतु पुलावरून तर प्रत्येकालाच जावयाचे आहे. घरातली तुळई, शाळेतला बाक, ओढ्यावरची फरशी यांपैकी काही वाकताना दिसले किंवा कुरकुरताना ऐकू आले, तर "चालायचेच" म्हणून पुढे जाऊ नका. थांबा, पाहा, मोजा आणि मोठ्यांना सांगा. माझ्या आजीला विद्युद्भार ठाऊक नव्हता आणि उदासीन थरही ठाऊक नव्हता. पण जे वाकते आहे त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, हे तिला पक्के ठाऊक होते. पाऊस उघडला की ती दर वर्षी साकवाची खोडे हाताने चाचपून पाही आणि त्यांतले एखादे तरी बदलायला लावी.